निर्भीड संपादक आगरकर

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ कृष्णेच्या काठी टेंभू नावाचे लहानसे गाव आहे. या गावी १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य होते. परंतु मुलाची बुद्धी तल्लख आणि शिकण्याची हौस दांडगी होती. शिक्षणासाठी गोपाळला कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे गाव पालटीत हिंडावे लागले. कधी माधुकरी मागावी, कधी कचेरीत कारकुनाच्या हाताखाली बसावे, असे करीत करीत १८७५ साली अकोल्यास तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्याच्यापाशी अंगात घालावयास एकच सदरा होता. रात्री तो धुवून वाळत टाकावयाचा आणि सकाळी तोच अंगात चढवून वर्गात जावयाचे, असा त्याचा क्रम असे.

अशा मुलाने एम. ए. व्हावे, मोठ्या पगाराची सरकारी नोकरी धरावी आणि घराचे पांग फेडावेत, अशी आईची आशा असणे स्वाभाविक होते. परंतु आगरकरांचा निश्चय निराळाच झाला होता. त्यांनी आईला पत्र लिहून कळविले, की पोटापुरत्या मिळकतीत समाधान मानून आपण सारा वेळ लोकांच्या कल्याणासाठी घालविणार आहोत. हा निश्चय त्यांनी मरेपर्यंत पाळला.

डेक्कन कॉलेजातच त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जडली. देशाची स्थिती सुधारावयाची तर आधी लोक शहाणे झाले पाहिजेत, याविषयी दोघांचे एकमत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आदी मंडळींनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम. ए. होताच आगरकर त्या शाळेत शिक्षक झाले. ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' हे मराठी वृत्तपत्र सुरू झाले आणि त्याचे संपादकपद आगरकरांकडे आले. 'मराठा' या इंग्रजी पत्राचे काम टिळक पाहू लागले. संपादक आगरकरांचे वय तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते.

पहिले वर्ष पुरे होते न होते तोच त्यांच्यापुढे मोठा पेचप्रसंग उभा राहिला. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी चौथे शिवाजी महाराज होते. ते दत्तक आलेले, वयाने कोवळे. राज्याचा कारभार इंग्रज अधिकारी व दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांना वेड लागले आहे, असे सरकारचे म्हणणे होते. लोकांत मात्र निराळीच कुजबूज चाले. महाराजांना नीट वागविले जात नाही, त्यांचा छळ होतो व त्या छळानेच त्यांची ही दशा झाली आहे, असे लोक म्हणत. राजवाड्याच्या भिंतींआड काय चालले आहे, हे बाहेर कोणाला कळण्याचा मार्ग नव्हता. विचारावयाचे कोणाला? ज्यांच्यावर संशय, त्यांच्याच हाती सारे दप्तर!

अशा वेळी काही पत्रे पुण्यास येऊन पोचली. ती बर्वे दिवाणांची खाजगी पत्रे आहेत, असे सांगण्यात आले. महाराजांविरुद्ध मोठे कारस्थान चालले असल्याचे त्यांवरून दिसत होते. ही पत्रे दडवून ठेवावीत, तर एका असहाय राजपुत्राच्या छळाकडे डोळेझाक केल्यासारखे होणार. प्रसिद्ध करावीत, तर एका प्रबळ दिवाणाचा व त्याच्या पाठीशी असलेल्या सरकारचा रोष ओढवणार. आगरकर व टिळक या दोघांनाही भीती ठाऊक नव्हती. अन्याय दिसत असता गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. 'केसरी' व 'मराठा' या पत्रांतून त्यांनी दिवाणांवर उघड आरोप केले.

बर्व्यांनी १८८२ साली मुंबईच्या न्यायालयात अब्रूनुकसानीचा खटला भरला. या वेळी महात्मा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेट बापूशेट उरवणे यांनी दोघांसाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. फुल्यांचे व 'केसरी'कर्त्यांचे अनेक बाबतींत पटत नसे; परंतु संकटात सापडलेल्या निर्भीड माणसांना हात देताना फुल्यांनी मतभेद आड येऊ दिला नाही. याच सुमारास, १७ मार्च १८८२ रोजी, विष्णुशास्त्री चिपळूणकरांना मृत्यूने ओढून नेले आणि मंडळींचा मोठा आधार तुटला.

खटला चालू असता एक धक्कादायक गोष्ट उघडकीस आली. ज्या पत्रांच्या आधारावर आरोप केले होते, ती पत्रे खरी नव्हती. ती बनावट होती! संपादकांनी ती खरी मानली होती. त्यांच्या मनात कपट नव्हते. तरीही खोट्या कागदाने एका माणसाची अब्रू गेली होती. आता काय करावयाचे? हट्टाने आपलेच खरे म्हणत राहावयाचे, की चूक कबूल करावयाची? आगरकर व टिळक यांनी दुसरा मार्ग पत्करला. त्यांनी बर्व्यांची माफी मागितली. परंतु खटला थांबला नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली.

मुंबईच्या डोंगरी येथील तुरुंगात दोघांना ठेवण्यात आले. कोठडी कोंदट, अन्न निकृष्ट. प्रकृती खालावू लागली. तरी दोघांची मने खचली नाहीत. देशाची उन्नती कशी होईल, आधी समाज सुधारावा की आधी राज्य मिळवावे, अशा गोष्टींवर त्यांचे वाद रंगत. वादाच्या भरात आवाज इतके चढत, की पहारेकऱ्यांना येऊन त्यांना गप्प करावे लागे. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' या नाटकाचे 'विकारविलसित' नावाचे मराठी रूपांतर करण्याचे कामही आगरकरांनी या तुरुंगात केले. शिक्षेत थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, एकशे एक दिवसांनी, दोघांची सुटका झाली. मुंबईत व पुण्यात लोकांनी त्यांचे मोठ्या थाटाने स्वागत केले.

पण कोल्हापूरच्या महाराजांचे काय झाले? त्यांना अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, पहाऱ्याखाली ठेवण्यात आले होते. तेथे पहाऱ्यावरील एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांचे होते. पुढे त्यांच्या गादीवर दत्तक आले, ते राजर्षी शाहू महाराज.

या साऱ्या प्रकरणाचा नीट विचार करावा, असे ते आहे. पत्रे खोटी निघाली, म्हणून महाराजांचे हाल खोटे ठरले नाहीत. आणि महाराजांचे हाल खरे होते, म्हणून खोटी पत्रे खरी झाली नाहीत. गुप्ततेच्या पडद्याआड अन्याय चालला असेल, तर तो पडदा दूर करणे हे संपादकाचे कर्तव्यच आहे. पण हाती आलेला कागद कोणी दिला, कशासाठी दिला, तो अस्सल आहे की नाही, हे पारखून घेणे हेही तितकेच मोठे कर्तव्य आहे. पहिले कर्तव्य पार पाडण्यास धैर्य लागते. दुसरे पार पाडण्यास धीर लागतो. ऐन पंचविशीत असलेल्या त्या दोघांपाशी धैर्य भरपूर होते. धीर मात्र या प्रसंगी कमी पडला. त्याची किंमत त्यांनी तुरुंगात जाऊन दिली.

सरकारी गुपितांचा हा प्रश्न तेथेच संपला नाही. १८८९ साली कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने काश्मीरविषयीचा एक गुप्त सरकारी कागद छापला. तो कागद बनावट नव्हता. सरकारच्याच दप्तरातून बाहेर आलेला होता. त्याच वर्षी सरकारने गुपिते फोडणारांस शिक्षा करणारा कायदा केला. सैन्याच्या हालचालींसारख्या काही गोष्टी प्रत्येक राज्याला गुप्त ठेवाव्याच लागतात, हे खरे. परंतु जे देशाच्या रक्षणासाठी झाकलेले असते ते वेगळे, आणि जे अधिकाऱ्याच्या चुका लपविण्यासाठी झाकलेले असते ते वेगळे. या दोहोंतील भेद ओळखणे सोपे नसते. स्वतंत्र भारतातही १९२३ सालचा गुपितांचा कायदा राहिला आहे. त्याबरोबरच २००५ साली नागरिकांना सरकारी कारभाराची माहिती मागण्याचा अधिकारही कायद्याने मिळाला आहे. आगरकरांच्या काळी असा सरळ दरवाजा नव्हता.

तुरुंगवासाने आगरकरांची लेखणी बोथट झाली नाही. मतभेद झाल्यामुळे १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्याच वर्षी 'सुधारक' हे स्वतःचे पत्र काढले. आता त्यांनी आपल्याच समाजातील झाकलेले अन्याय उघडे करण्यास आरंभ केला. बालविवाह, विधवांचे केशवपन, त्यांना सोसावे लागणारे हाल यांवर ते सडेतोड लिहू लागले. दिवाणावर टीका केली तेव्हा ज्या पुण्याने त्यांना हारतुरे घातले, त्याच पुण्यातील काही सनातनी लोकांनी आता त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली! आगरकर डगमगले नाहीत. राजवाड्यातील अन्याय सांगावयाचा आणि घरातील अन्याय मात्र झाकावयाचा, हे त्यांच्या न्यायबुद्धीला पटणारे नव्हते.

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजाचे प्राचार्य झाले. परंतु दम्याच्या विकाराने त्यांचे शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये, म्हणून त्यासाठी लागणारे थोडे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. जन्मभर ज्याने कोणाच्याही रोषाची पर्वा केली नाही, त्याने जाताना कोणाचे ऋणही मागे ठेवले नाही.