गाडगेबाबांचा खराटा

वर्धा नदीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यात, शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखुबाईंनी लेकराला आपल्या माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी नेले. तेथे गुरे राखीत आणि शेती कसत डेबूजी वाढले. शाळेचे सुख त्यांना लाभले नाही. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या आणि हाती मातीचे गाडगे व खराटा, एवढाच त्यांचा संसार. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

तो काळ पटकी आणि प्लेगचा होता. यात्रेतील दूषित पाण्याबरोबर रोगही गावोगाव पोचत. बाबा गावात आले की कोणालाही न सांगता रस्ते झाडू लागत. हळूहळू गावकरी ओशाळून पुढे येत, आणि एका खराट्याचे अनेक होत. रात्री कीर्तन होई. त्यात बाबा उपदेश थोडा करीत आणि प्रश्न फार विचारीत. उत्तरे श्रोत्यांनीच द्यायची! आपल्या गावातील घाण, व्यसन, कर्ज आणि अंधश्रद्धा यांची कबुली गाव स्वतःच्या तोंडाने देई. आज ज्याला लोकसहभागातून आरोग्याची पाहणी म्हणतात, ती हा निरक्षर माणूस चावडीपुढे करीत होता. लोकवर्गणीतून त्यांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, नाशिक-पंढरपूरला धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

आम्ही आंबेडकरी शिक्षक. खराटा पाहिला की आमच्या मनात एक सल उठतो. पिढ्यान्‌पिढ्या तो ठरावीक जातींच्याच हाती दिला गेला, आणि असली लादलेली कामे टाकून द्या, असे बाबासाहेबांनी आम्हांला शिकविले. मग खराट्याचा गौरव आम्ही कसा करावा? उत्तर बाबांच्या चरित्रातच आहे. १९२७ साली महाडचे चवदार तळे माणसांच्या स्पर्शाने विटाळले असे मानून सवर्णांनी ते शेण-गोमूत्राने शुद्ध केले. गाडगेबाबांना मात्र विटाळ माणसात दिसला नाही. घाण उकिरड्यात दिसली आणि जातिभेद मानणाऱ्या मनात दिसली. त्यांनी खराटा स्वेच्छेने उचलला आणि साऱ्या गावाच्या हाती दिला.

२००० सालापासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. अनेक गावांनी त्यात मनापासून श्रम केले. परंतु तपासणी समिती परतल्यावर जेथे खराटा पुन्हा त्याच जुन्या हातांत गेला, तेथे गाव झाडले गेले, मन तसेच राहिले. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली नव्याने करावा लागला, यातच सारे आले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीकाठी गाडगेबाबांनी देह ठेवला.

आमच्या वसतिगृहात शौचालयापासून अंगणापर्यंत सफाईची पाळी सर्वांना येते. शिक्षकही त्यातून सुटत नाहीत. माजी विद्यार्थ्यांना आमचे एवढेच मागणे आहे: आपल्या वस्तीत शेजाऱ्यांसह एकदा फिरा. विहीर पाहा, नाली पाहा, आणि खराटा कोणाच्या हातात आहे, तेही पाहा.