काळ्या पैशासाठी जाळे विणणारा अर्थतज्ज्ञ

निकोलस काल्डोर यांचा जन्म १२ मे १९०८ रोजी बुडापेस्टमधील एका वकिलाच्या घरी झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून ते तेथेच अध्यापक झाले आणि पुढे केंब्रिजला गेले. स्थूल देहाचे, बोलके आणि भर बैठकीत डुलकी घेण्याबद्दल प्रसिद्ध असलेले हे गृहस्थ १९५६ च्या आरंभी भारतात आले, तेव्हा अर्थमंत्रिपदी चिंतामणराव देशमुख होते.

येथील प्राप्तिकराचा कमाल दर त्या वेळी ९० टक्क्यांच्या वर होता. कागदावर इतका कडक असलेला कर प्रत्यक्षात मात्र चुकवला जात होता. काल्डोर यांच्या अंदाजाप्रमाणे बुडणारा प्राप्तिकर वर्षाला २०० ते ३०० कोटी रुपयांच्या घरात होता. प्रामाणिक पगारदाराने भरायचे आणि धनिकाने वाटा शोधायच्या, हा त्यांच्या मते करपद्धतीचाच दोष होता. केवळ माणसांच्या नीतीचा नव्हे.

त्यांचा उपाय साधा नव्हता. प्राप्तिकराचा कमाल दर ४५ टक्क्यांच्या आसपास आणावा आणि त्याच्या जोडीला भांडवली नफा, संपत्ती, बक्षीस व वैयक्तिक खर्च यांवर कर बसवावेत. सर्वांसाठी विवरणपत्र एकच. जमीन विकणाऱ्याला नफा लपवण्यासाठी किंमत कमी दाखवावीशी वाटेल. घेणाऱ्याला मात्र ती कमी दाखवून चालणार नाही, कारण गुंतवणूक म्हणून न दाखवलेली रक्कम त्याच्या खर्चात धरली जाईल. एकाची लबाडी दुसऱ्याच्या हिशेबात उघडी पडावी, अशी ही रचना होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर देशमुखांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या टी. टी. कृष्णमाचारी यांनी १९५७ मध्ये संपत्ती कर व खर्च कर आणले. बक्षीस कर १९५८ मध्ये आला. पण जाळ्याचे धागे सुटे सुटे आणि सवलतींनी विरलेले होते. कमाल दर तर जेमतेम ७७ ते ८४ टक्क्यांपर्यंतच उतरला. (खुद्द कृष्णमाचारींना मुंदडा प्रकरणात १९५८ मध्ये पायउतार व्हावे लागले.) नगण्य उत्पन्न देणारा खर्च कर मोरारजी देसाई यांनी १९६२ मध्ये काढला, १९६४ मध्ये तो परतला आणि १९६६ मध्ये पुन्हा गेला. १९७०च्या दशकाच्या आरंभी कमाल दर ९७ टक्क्यांच्याही वर चढला. काल्डोर यांनी सुचवले होते त्याच्या हे नेमके उलट होते.

इतरत्रही त्यांचा सल्ला सुखाचा ठरला नाही. ब्रिटिश गयानात त्यांच्या शिफारशींवर बेतलेल्या १९६२ च्या अंदाजपत्रकानंतर जॉर्जटाउनमध्ये दंगल आणि जाळपोळ झाली. ब्रिटनमधील मजूर सरकारचे ते सल्लागार होते आणि १९७४ मध्ये उमराव झाले. ३० सप्टेंबर १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. भारतातील बक्षीस कर त्यांच्यामागे १९९८ पर्यंत टिकला. संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला.