धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम

फ्रेडरिक ओझानाम यांचा जन्म १८१३ साली मिलान येथे झाला. १८३१ साली कायदा शिकण्यासाठी ते पॅरिसला आले. तेथील विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळात श्रद्धावंत, देव न मानणारे, समाजवादी असे सारेच येत. ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी काय करते, असे विरोधकांनी विचारले. प्रश्न झोंबणारा, पण रास्त होता. फ्रेडरिक भांडले नाहीत. २३ एप्रिल १८३३ रोजी त्यांनी मित्रांसह सेवाकार्य सुरू केले. सिस्टर रोझली रेंड्यू यांच्या मार्गदर्शनाखाली ते गरिबांच्या घरी जाऊ लागले. तीच आजची संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. पुढे ते सोर्बोनमध्ये प्राध्यापक झाले. १८५३ साली त्यांचे निधन झाले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही असे प्रश्न विचारले जातात. त्यांनी ते शांतपणे ऐकावेत आणि उत्तर कृतीने द्यावे.