दुसऱ्यांना उजेडानं बरं करणारा आजारी डॉक्टर : नील्स फिन्सेन

एप्रिल-मे आला की आपल्याकडं माणूस सावली शोधत फिरतो. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर मात्र ऊन हीच नवलाई. सदा ढग, धुकं, पाऊस, आणि हिवाळ्यात दिवस जेमतेम पाच तासांचा. डेन्मार्कच्या ताब्यातल्या या बेटांवर, तोर्शाव्हन गावात, १५ डिसेंबर १८६० रोजी नील्स फिन्सेन यांचा जन्म झाला.

आई लहानपणीच गेली. डेन्मार्कमधल्या शाळेत पोरगं मनानं चांगलं, पण डोक्यानं यथातथाच, असा शेरा मिळाला. मग वडिलांनी आइसलँडला पाठवलं. तिथं शिक्षण पूर्ण करून ते डॉक्टरकीसाठी कोपनहेगनला आले आणि १८९० मध्ये डॉक्टर झाले.

पण विशीतच दुखणं मागं लागलं होतं. यकृताभोवतीचं आवरण जाड होत जाणारा आजार. पोटात पाणी साठायचं, हृदय कमजोर, सतत थकवा. राहायची खोली उत्तरेकडं तोंड करून, ऊन नाहीच. उन्हात बसलं की जरा बरं वाटायचं, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. एकदा खिडकीतून त्यांना छपरावर मांजर दिसलं. सावली सरकली की मांजर उठायचं अन् पुन्हा उन्हात जाऊन बसायचं. आपण रोज बघतो अन् सोडून देतो. त्यांनी सोडलं नाही.

उन्हात नेमकं आहे काय? फिन्सेन यांनी उष्णता आणि किरण वेगळे करून बघितले. १८९३ मध्ये त्यांनी देवीच्या रोग्यांना लाल उजेडाच्या खोलीत ठेवायला सांगितलं, म्हणजे व्रण कमी राहतील. हे पुढं फारसं टिकलं नाही. खरं नाव झालं ते कातडीच्या टीबीमुळं.

हा रोग भयंकर. नाक, गाल, ओठ हळूहळू झडायचे. माणूस जिवंत असायचा, पण तोंड दाखवायची लाज. १८९५ मध्ये असाच एक इंजिनिअर त्यांच्याकडं आला. बरीच वर्षं सगळे उपाय करून थकलेला. कोपनहेगनच्या वीज कंपनीत आर्क दिव्याचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर रोज टाकला. काही महिन्यांत चेहरा सुधारला.

उपचार साधा दिसतो, पण त्यात मेख आहे. साध्या काचेत निळ्या-जांभळ्यापलीकडचे किरण अडतात, म्हणून गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाची भिंगं घेतली. कातडी भाजू नये म्हणून उजेड पाण्यातून गाळून घेतला. रक्तातही किरण अडतात. म्हणून नर्स शेजारी बसून स्फटिकाची चकती कातडीवर दाबून धरायची, तिथलं रक्त बाजूला सारायची. तासभर तरी. असं रोज, कित्येक महिने. मोबाईलवर हल्ली लाल-निळ्या दिव्यांच्या जाहिराती येतात, सगळे रोग बरे करतो म्हणणाऱ्या. फिन्सेन यांनी असा दावा कधी केला नाही. कोणता किरण, किती वेळ, कोणत्या रोगावर, हे ते मोजूनमापून ठरवत.

१८९६ मध्ये कोपनहेगनला त्यांची संस्था उभी राहिली. पाचेक वर्षांत सुमारे ८०० रोग्यांवर उपचार झाले, बहुतेक बरे झाले. डेन्मार्कच्या राजकन्या अलेक्झांड्रा इंग्लंडच्या राजघराण्यात दिल्या होत्या. त्यांनी १९०० मध्ये हा दिवा लंडनच्या एका इस्पितळाला दिला. टीबीवर गोळ्या-इंजेक्शनं आली ती १९४० च्या दशकात. तोवर या रोग्यांना मोठा आधार हाच होता.

डिसेंबर १९०३ मध्ये वैद्यकाचं नोबेल मिळालं, डेन्मार्कचं पहिलं. पण घ्यायला जाता आलं नाही, तोवर ते चाकाच्या खुर्चीवर आले होते. बक्षिसातली मोठी रक्कम त्यांनी उपचार संस्थांना दिली.

त्यांच्या स्वतःच्या दुखण्यावर मात्र उजेडाचा इलाज चालला नाही. तरी खाणं-पिणं वजन करून घ्यायचं, शरीरात मीठ-पाणी किती साठतं ते लिहून ठेवायचं, हे त्यांनी थांबवलं नाही. मिठावरचा तो शेवटचा लेख १९०४ मध्ये छापून आला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, ४३ व्या वर्षी, ते गेले.