एरिक लिडेल आणि त्यांची माणसे

एरिक लिडेल म्हटले की १९२४ चे पॅरिस ऑलिंपिक आठवते. प्रभूच्या दिवशी धावायचे नाही म्हणून त्यांनी १०० मीटरची शर्यत सोडली आणि ११ जुलै रोजी ४०० मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली. परंतु त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या माणसांची आठवण आपण क्वचितच काढतो.

१९०२ साली चीनमध्ये मिशनरी कुटुंबात जन्मलेले एरिक थोरले बंधू रॉब यांच्यासह इंग्लंडमध्ये शिकले. आईवडील दूर चीनमध्ये. भाऊ हाच आधार. पुढे एडिंबरा येथे टॉम मकर्चर यांनी त्यांना शर्यतीसाठी तयार केले. पॅरिसमध्ये अंतिम शर्यतीच्या सकाळी संघाच्या मालिश करणाऱ्याने त्यांच्या हाती एक चिठ्ठी दिली. तिच्यात शमुवेलाच्या पुस्तकातील वचनाचा आधार होता.

१९२५ मध्ये ते मिशनरी म्हणून चीनला परतले. युद्धाचे सावट दाटल्यावर १९४१ मध्ये त्यांनी गरोदर पत्नी फ्लॉरेन्स आणि दोन मुलींना कॅनडाला धाडले. तिसरी कन्या त्यांना कधीच पाहता आली नाही.

१९४३ पासून ते वेइशिएन येथील जपानी बंदिछावणीत होते. आता आधार देण्याची पाळी त्यांची होती. छावणीतल्या मुलांना ते शिकवीत, त्यांचे खेळ घेत. रविवारी खेळताना मुले भांडू लागली, तेव्हा रविवारी न धावणारा हा मनुष्य त्यांच्यासाठी पंच म्हणून मैदानात उतरला! या प्रसंगापुढे मला सुवर्णपदकही फिके वाटते.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीने त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी त्यांनी फ्लॉरेन्सला पत्र लिहिले होते. निधनाची वार्ता तिला मे महिन्यात कळली.