साडेअकरा पौंडांत महिना : बाबासाहेबांचा परदेशातला हिशेब

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालक येतात. मुलाला परदेशात पाठवायचंय, एजंट अमुक लाख सांगतोय, काय करू सर? जॉर्जिया, किर्गिझस्तान, रशिया ही नावं आता मुंब्र्यापासून मदनपुऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत. घरातलं सोनं मोडायचं, गावची जमीन विकायची आणि मुलाला विमानात बसवायचं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. तिथं गेल्यावर महिना कसा काढायचा, पैसे मध्येच संपले तर काय, याचा हिशेब फारसा कुणी करत नाही. अशा वेळी आम्ही पालकांना परळच्या एका चाळीची गोष्ट सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची विद्वत्ता सगळ्यांना माहीत आहे. ती कमावताना त्यांच्या खिशात किती पैसे होते आणि ते कुणाचे होते, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं.

सुरुवात लोअर परळच्या डबक चाळीतून करावी लागते. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले, पेन्शन तुटपुंजी आणि सगळं कुटुंब एका खोलीत. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच जळण आणि त्यातच शेळी. मुलाला अभ्यासासाठी पहाटे दोनला उठवायचं म्हणून वडील स्वतः तोपर्यंत जागे राहायचे. मुलगा उठला की त्याच्या जागेवर वडील आडवे व्हायचे. उशाशी जातं आणि पायाशी शेळी. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, तिचा एखादा दागिना गहाण टाकायचे आणि पुस्तक घेऊन घरी यायचे. सोनं मोडून शिकवणारा बाप म्हणजे काय, हे आपल्या मोहल्ल्यात वेगळं सांगायची गरज नाही.

शिक्षक म्हणून आम्हाला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं माणूस म्हणजे कृष्णाजी अर्जुन केळुसकर. हे विल्सन हायस्कूलचे शिक्षक. भीमराव शिकत होते एल्फिन्स्टन हायस्कुलात, म्हणजे केळुसकरांच्या वर्गात ते कधी नव्हतेच. गिरगावात चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलेला दिसायचा. केळुसकरांनी चौकशी केली, ओळख वाढली. १९०७ मध्ये मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा त्याला घेऊन ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे गेले. महाराजांनी महिना २५ रुपये मंजूर केले. त्या पंचवीस रुपयांवर १९१२ मध्ये बी.ए. झालं. दुसऱ्या शाळेच्या मुलासाठी राजाच्या दारापर्यंत चालत जाणारा मास्तर! आज आपल्यातले किती जण जातील?

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी वारले. घरात पत्नी रमाबाई आणि दोन-तीन महिन्यांचा यशवंत. त्याच वर्षी बडोदा सरकारने अमेरिकेतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची असा करार. त्या वेळी पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे महिन्याला साधारण १७२ रुपये. परळमध्ये ही रक्कम मोठी होती, न्यूयॉर्कमध्ये नव्हती. आणि ती एकट्याची नव्हतीच, त्यातून घरीही पैसे पाठवायचे होते.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सुरुवातीचे काही महिने इतर मुलांसारखेच गेले, हे चरित्रकारांनी लपवलेलं नाही. नवं शहर, मोकळी हवा, शिवाशीव नाही. मित्रांबरोबर फिरणं झालं, रात्री जागणं झालं. मग एके दिवशी जाणीव झाली की इथला एकेक दिवस मोजून मिळालाय. तिथून पुढे त्यांनी जेवणाला कात्री लावली. एक कप कॉफी, दोन मफिन आणि माशाची किंवा मटणाची एखादी प्लेट, एवढ्यावर भागवायचं. तीन वर्षांत विविध विषयांचे साठेक अभ्यासक्रम त्यांनी घेतले, त्यातले २९ एकट्या अर्थशास्त्राचे. १९१५ मध्ये एम.ए. झालं. उरलेल्या पैशांतून जुन्या पुस्तकांच्या दुकानात जायचं, आणि अशी जमवलेली पुस्तकं दोन हजारांच्या घरात गेली.

इथे आम्ही मुलांना थांबवतो आणि विचारतो, ही काटकसर कसली? बहुतेक सांगतात, पैशाची. आमच्या मते ती वेळेची होती. पोट रिकामं ठेवून जे वाचत होतं त्यातून त्यांनी बँकेत काही ठेवलं नाही. आधी पुस्तकं विकत घेतली, आणि पुढे लंडनमध्ये दिवस.

न्यूयॉर्कच्या वसतिगृहात त्यांना एक मित्र भेटला, नवल भथेना. मुंबईचे पारशी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये परत यावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. ते स्वतः सुखरूप पोहोचले, मात्र ज्या बोटीने सामान पाठवलं होतं ती पाणतीराने बुडाली. उपाशी राहून घेतलेली पुस्तकंही तिच्याबरोबर गेली. विम्याचे म्हणा, भरपाईचे म्हणा, ६०० रुपये हाती आले. त्यातूनच ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. तिथे शिकलेल्या माणसाला राहायला छप्पर कसं मिळालं नाही, तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. अकरा दिवसांत पारशी धर्मशाळेतून हाकललं गेलं आणि ते मुंबईला परतले.

अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायचं तर आता पैसे स्वतः उभे करायचे होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली, पगार ४५० रुपये. त्या काळात हा मोठा पगार. एवढ्या पगारात माणूस चांगल्या वस्तीत घर बघेल, नाही का? बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहिले. पोयबावडीजवळची ती बी.आय.टी. चाळ, दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या. रमाबाईंच्या हातात घरखर्चाची ठरलेली रक्कम जायची, तिच्यात सगळ्या कुटुंबाचं भागवायचं आणि बाकीचे पैसे लंडनसाठी बाजूला. म्हणजे काटकसर परदेशात गेल्यावर सुरू झाली नाही. ती दीड वर्ष आधी परळच्या चुलीपाशी सुरू झाली होती, आणि ती करणारी बाई लंडनला जाणार नव्हती.

मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून ५,००० रुपये कर्ज, असा मेळ घालून जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. १९२१-२२ मध्ये ते प्रिमरोझ हिल भागात १०, किंग हेन्रीज रोड या घरी राहत होते. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे.

लंडनमधल्या जेवणाविषयी चरित्रकारांनी बारकाईने लिहून ठेवलंय. घरमालकीण कडक. सकाळी एक कप चहा, पावाचा तुकडा, त्यावर नावापुरता जॅम आणि थोडा मासा. एवढं खाऊन ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचं, दार उघडायच्या वेळेला. दुपारचं जेवण नाही. तेवढा वेळही वाचतो आणि पैसेही. ग्रंथालय बंद झालं की बसचं भाडं वाचवत पायी. रात्री एक कप बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचं गरम पाणी, आणि बिस्किटं. त्यानंतर पुन्हा वाचन. दहाच्या पुढे भूक सहन होईना. ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने पापडांचं एक बंडल दिलं होतं. त्यातले चार पापड पत्र्यावर भाजायचे, कपभर दूध घ्यायचं आणि पहाटेपर्यंत वाचत बसायचं. खोलीतले सोबती असनाडेकर मध्येच जागे झाले की झोपायला सांगायचे. याला ना वेळ परवडत होता ना पैसा.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. बॅरिस्टर व्हायचं तर ग्रेज इनमध्ये नुसता कायदा वाचून चालत नाही, ठरलेल्या संख्येने तिथल्या भोजनांना हजर राहावं लागतं. तो नियमच. चार पापडांवर रात्र काढणाऱ्या माणसाला पदवीसाठी जेवणाची हजेरी लावावी लागत होती!

आता खरी अडचण. रुपयाचा भाव १९२० च्या सुरुवातीला दोन शिलिंगांच्याही वर गेला होता. बाबासाहेब निघाले तेव्हा तो उतरणीला लागला होता, आणि १९२१ मध्ये एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास घसरला. हिशेब करून बघा. दोन शिलिंगांच्या भावाने मुंबईचे शंभर रुपये लंडनमध्ये दहा पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या भावाने तेच शंभर रुपये पावणेसात पौंडसुद्धा भरत नाहीत. ज्याची मदत, ज्याचं कर्ज, ज्याची बचत सगळी रुपयांत, त्याचा महिना न खर्च करताच आखूड होतो. आणि हा माणूस त्याच वेळी कशावर प्रबंध लिहीत होता? रुपयाच्या प्रश्नावर. आम्ही अर्थशास्त्राचे नाही, पण विनिमय दर हा धडा शिकवताना याहून चांगलं उदाहरण आम्हाला अजून सापडलेलं नाही. आज डॉलरचा भाव दोन रुपयांनी वाढला की किर्गिझस्तानला मुलगा असलेल्या घरात काय होतं, ते विचारून बघा.

सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले. मागताना संकोच झाला असेलच, पण मागितले. हा भाग आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण आमची कितीतरी मुलं पैसे संपले की घरी खोटं सांगतात किंवा शिक्षण सोडून कुठल्या तरी दुकानात उभी राहतात. मे १९२२ मध्ये शाहू महाराज वारले आणि तो आधारही गेला. जर्मन भाषा येत असल्याने बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवलं होतं. मार्क घसरलेला, त्यामुळे पौंड घेऊन येणाऱ्याला जर्मनीत स्वस्ताई होती. ते शिक्षण मात्र पुढे गेलं नाही.

एम.एस्सी. १९२१ मध्येच झाली होती. १९२२ च्या ऑक्टोबरात डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला. त्यात ब्रिटिश सरकारच्या चलन धोरणावर कडक टीका होती, ती परीक्षकांना खटकली आणि काही भाग पुन्हा लिहायला सांगण्यात आलं. एवढ्यात पैसे संपले. चार पापडांची काटकसर करूनसुद्धा संपले. शेवटचं पाऊल बाकी असताना १९२३ च्या एप्रिलात त्यांना मुंबईला परतावं लागलं.

प्रबंध पुन्हा लिहिला गेला तो परळला, चाळीतल्या त्या खोलीत. तिथून तो लंडनला गेला, मान्य झाला आणि १९२३ च्या अखेरीस पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाला. ज्या पदवीसाठी लंडनची एवढी वर्षं मोजली, तिचा शेवटचा मजकूर गिरण्यांच्या भोंग्यांच्या आवाजात लिहून झाला.

बॅरिस्टरीची पदवी होती, पण हायकोर्टात वकिली करायची तर सनद हवी आणि सनदेची फी भरायला पैसे नव्हते. ते दिले पुन्हा नवल भथेनांनी. पुढे १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, तेव्हा घराची आखणीच पुस्तकांच्या हिशेबाने केली. परळच्या दोन खोल्यांमधून सगळे तिकडे राहायला गेले. रमाबाईंच्या पाच मुलांपैकी एकटा यशवंत तेव्हा उरला होता. त्या घरात त्यांना फार थोडे दिवस मिळाले. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्या वारल्या.