जॉन ॲलनची तळघरातली रेल्वे

जॉन ॲलन हे नाव आपल्या बॅचमधल्या फारशा कुणी ऐकलं नसेल. पण छोट्या रेल्वेचा नाद असलेल्या माणसासमोर ते घ्या, मग तो कुठल्याही देशातला असो, लगेच सावरून बसतो. शास्त्रीय संगीतातल्या माणसांनी एखाद्या बुवांचं नाव निघताच कानाची पाळी धरावी, तसंच काहीसं.

संपादक मंडळाने माझ्याकडे खरं तर आयटीतल्या वाटचालीवर लेख मागितला होता. त्या वाटचालीत मीटिंगा फार आहेत आणि वाचण्यासारखं कमी. शिवाय ही दौंडच्या शाळेची स्मरणिका आहे. आपल्यातल्या निम्म्या मुलामुलींचे वडील रेल्वेत होते. शंटिंगवर लेख कशाला, असं विचारणारं इथे कुणी निघणार नाही, या भरवशावर लिहिते आहे.

ॲलनचा जन्म २ जुलै १९१३चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन गावचा. आईवडील लहानपणीच गेले. तो आणि त्याचा भाऊ नातेवाइकांकडे वाढले. त्यातच मुलाला ऱ्हुमॅटिक ताप आला. पेनिसिलिन यायच्या आधीचा तो काळ. ताप उतरला, पण हृदय कायमचं दुबळं करून गेला. पुढे तो कॅलिफोर्नियात आला, फोटोग्राफी शिकला आणि लॉस एंजेलिसमध्ये त्याने फोटोग्राफीचा व्यवसाय केला. मिळालेले पैसे त्याने शहाणपणाने गुंतवले. १९४६ च्या सुमारास, म्हणजे तिशी नुकती ओलांडली असताना, पोटासाठी काम करायची गरज संपली आणि तो समुद्रकाठच्या माँटेरे गावी राहायला गेला. लग्न केलं नाही. त्यानंतरचं त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य एका रेल्वेत गेलं.

ही रेल्वे एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. चाळीस फुटी अमेरिकन वाघीण या मापात चौदा सेंटिमीटरची होते, पेन्सिलीपेक्षा थोडी लहान. त्याने बांधलेली पहिली रेल्वे पावणेसात फूट बाय साडेतीन फुटांच्या आसपास होती, आपल्याकडच्या सिंगल दिवाणाएवढी. नाव ठेवलं गोर अँड डफेटिड. अमेरिकन उच्चारात भरभर म्हटलं की त्याचं होतं गोरी अँड डिफीटेड, म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत. अमेरिकेतल्या जुन्या रेल्वे कंपन्यांची नावं अशीच दोन गावं जोडून केलेली भारदस्त नावं असायची, त्यांची ही टिंगल. डोंगररांगेचं नाव अकिनबॅक, म्हणजे दुखरी पाठ. टेबलाखाली वाकून वायरिंग केलेल्या माणसालाच हे नाव सुचू शकतं, असं माझं स्वतःच्या पाठीच्या अनुभवावरून मत आहे.

पहिली रेल्वे झाली, मग दुसरी, मोठी. १९५३ मध्ये त्याने माँटेरेतच नवं घर घेतलं. घराखाली मोकळं तळघर होतं आणि तीच त्या घराची खरी किंमत होती. तिथे तिसरी गोर अँड डफेटिड सुरू झाली आणि ती पुढची जवळजवळ वीस वर्षं चालू राहिली. दिवाणाएवढी पहिली रेल्वे त्याने मोडली नाही. मोठ्या रेल्वेचा एक कोपरा म्हणून तिला तशीच आत बसवली. आमच्या धंद्यात जुना कोड टाकून नव्याने लिहू या, असं म्हणणारे तरुण दर सहा महिन्यांनी भेटतात. त्यांना मी हे सांगते. पटत नाही, पण सांगते.

त्याआधीच्या बहुतेक हौशी रेल्वे टेबलावर मांडलेल्या असत: सपाट फळी, वर रूळ, मध्ये एखादा बोगदा. ॲलनने डोंगर जमिनीपासून उभे केले. त्याच्या तळघरात शिरलेला पाहुणा चालत जायचा तो दरीच्या तळातून. दऱ्यांवरचे पूल पार डोक्याच्या वरून गेलेले. जिथे खोली संपते तिथे त्याने आरसे लावले, असे की रस्ता किंवा रेल्वेचं यार्ड भिंतीच्या पलीकडेही चालूच आहे असं वाटावं. लांबचं घर जवळच्या घरापेक्षा लहान मापात केलं, म्हणजे दोन फुटांत दोन मैलांचा भास व्हावा. फोटोग्राफरचा डोळा तो.

आणि त्याने सगळं मळवलं! त्या वेळी मॉडेल म्हणजे दुकानातून आणल्यासारखं चकचकीत ठेवायची वस्तू होती. ॲलनने इंजिनावर काजळी धरवली, वाघिणींच्या कडांना गंज चढवला, छपरांचे पत्रे वाकवले. ज्यांनी दौंडच्या लोकोशेडबाहेर खेळून पांढरे शर्ट काळे करून घरी मार खाल्ला आहे, त्यांना यातलं मर्म वेगळं समजावून सांगायला नको. आज जगभर मॉडेलवाले हेच करतात, त्याला वेदरिंग म्हणतात. ते रूढ करण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

हे सगळं लोकांपर्यंत पोचलं ते त्याच्या फोटोंमुळे. सत्त्याऐंशीपट लहान वस्तूचा फोटो जवळून काढला की पुढचा भाग स्पष्ट येतो आणि मागचा धूसर, आणि पाहणाऱ्याला लगेच कळतं की हे खेळणं आहे. ॲलन लेन्सचं छिद्र अगदी बारीक करायचा आणि उजेड पुरावा म्हणून फिल्म बराच वेळ उघडी ठेवायचा. मग इंजिनाच्या बंपरपासून मागच्या शिखरापर्यंत सगळं सारखंच स्पष्ट. मॉडेल रेलरोडर मासिकात ते फोटो येऊ लागले, वार्नी कंपनीच्या जाहिरातींतही आले. त्याच्या लेखांपेक्षा या फोटोंनी जास्त माणसं बिघडवली असावीत.

विनोद अंगातच होता. यार्डात वाघिणी ओढायला त्याने एक स्टेगोसॉरस ठेवली होती, पाठीवर तबकड्या असलेली. नाव एमा, नंबर १३. बाकी सगळं खिळा न् खिळा खऱ्यासारखं, आणि मध्येच ही डायनासोर निमूटपणे ड्यूटी करते आहे.

लोक त्याला कलावंत म्हणून ओळखतात. मला मात्र तो आधी यंत्रणा चालवणारा माणूस वाटतो. देखावा नुसता बघायला नव्हता. ठरलेल्या दिवशी मित्र जमायचे, प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असायचं, वेळापत्रक असायचं, भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम वेगाने पळवलेलं असायचं. कुठली वाघीण कुठल्या कारखान्याच्या सायडिंगला लावायची हे ठरलेलं. समोरून गाडी येत असेल तर लूपमध्ये थांबून वाट बघायची. म्हणजे आपले वडील जे काम पगारासाठी करायचे, तेच ही माणसं हौसेने करत होती. माझ्या बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. मग त्यांनी विचारलं की रात्रपाळीचा भत्ता मिळतो का.

या यंत्रणेच्या पोटात काय काय असतं याची बाहेरून कल्पना येत नाही. एक उदाहरण देते, भौतिकशास्त्राच्या सरांना आवडेल. छोट्या रेल्वेत वीज रुळांतूनच येते: एक रूळ धन, दुसरा ऋण. आता रूळ गोल वळवून गाडी उलट दिशेने परत त्याच मार्गावर आणा. वळणाच्या शेवटी डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो, धन ऋणाला मिळतं आणि शॉर्टसर्किट होतं. कागदावर निरागस दिसणारं वळण विजेला चालत नाही. उपाय असा की वळणाचा तुकडा दोन्ही टोकांना कापून वेगळा ठेवायचा आणि गाडी त्या तुकड्यात असतानाच बाहेरच्या रुळांची धन-ऋण बाजू उलटवायची. आता हे काम इलेक्ट्रॉनिक सर्किट आपोआप करतं आणि प्रत्येक इंजिनाला स्वतःचा डिजिटल पत्ता असतो. ॲलनच्या काळी रुळांचे विभाग पाडून, खटके दाबून, कुठल्या विभागाची वीज कुणाच्या हाती हे माणसांनी सांभाळायचं. एकाने विसरून खटका तसाच ठेवला, की दुसऱ्याच्याच गाडीला चालना.

१९७२ मध्ये त्याने मॉडेल रेलरोडरमध्ये टाइमसेव्हर नावाचं एक कोडं प्रसिद्ध केलं. त्याला तळघर लागत नाही, फळी पुरते. पाच सांधे, मधोमध एक छोटा लूप, बाजूला आखूड सायडिंग्ज, एक इंजिन आणि काही वाघिणी. प्रत्येक वाघीण तिच्या ठरलेल्या जागी लावायची, तीही कमीत कमी वेळात. गोम अशी की सायडिंग्ज इतक्या आखूड असतात की एक वाघीण आत न्यायची तर आधी दुसरी बाहेर काढावी लागते आणि तिला ठेवायला जागा नसते. काही सायडिंग्ज एका दिशेला उघडतात, काही दुसऱ्या. त्यामुळे इंजिन वाघिणीच्या नको त्या बाजूला अडकतं आणि लूपमधून वळसा घालून आणावं लागतं.

इथे आपल्याला झेलम एक्स्प्रेस आठवली पाहिजे. पुण्याहून मनमाडकडे जायचं तर दौंडला गाडीचं तोंड उलटं व्हायचं. इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जायचं, जोडलं जायचं, आणि परगावचे प्रवासी घाबरून विचारायचे की गाडी परत पुण्याला चालली का. आता कॉर्ड लाइन झाल्यावर बऱ्याच गाड्या दौंड स्टेशनात न येताच वळतात. पण टाइमसेव्हर सोडवताना मला जो थोडा वरचा हात मिळतो, तो संगणकशास्त्रामुळे नसून फलाटावरच्या त्या फुकट शिक्षणामुळे आहे. कोड्याचं उत्तर शोधणारा प्रोग्रॅमही मी लिहिला. प्रत्येक स्थितीतून शक्य त्या सगळ्या चाली तपासत जातो आणि सर्वांत आखूड मार्ग देतो. लिहून झाल्यावर वाटलं, मजा गेली. तो आता उघडत नाही.

कोडं प्रसिद्ध झालं, मोठी रेल्वेही बहुतेक पूर्णत्वाला आली होती, आणि ६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन हृदयविकाराने गेला. वय एकोणसाठ. बालपणी आलेला ताप पन्नासेक वर्षं वाट बघत होता. त्यानंतर दहाव्या दिवशी त्या घरात अपघाताने आग लागली आणि गोर अँड डफेटिडचा बहुतेक भाग जळून गेला.

त्याची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे आवाज खाली आणतात आणि सगळा लेख या आगीकडे नेऊन संपवतात. मला ते रुचत नाही. आणि त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी अकरा वर्षं ज्या सॉफ्टवेअरवर काम केलं ते कंपनीने बंद केलं. वापरणारे दुसरीकडे गेले होते, हिशेब बरोबरच होता. एका शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हर बंद झाले, आणि सोमवारी दाखवायला एक पडदासुद्धा उरला नाही. टेबल जळलं तर निदान राख तरी होते. आपल्या ग्रुपवर मी तेव्हा दोन ओळी लिहिल्या, तर एका मैत्रिणीने, जी माती आणि रंगांत काम करते, विचारलं की मग अकरा वर्षं तू केलंस काय? तिने साधेपणाने विचारलं होतं. मला तीन दिवस झोप लागली नाही.

ॲलनकडे मी नीट वळले ते त्यानंतर. आधी मी फक्त फोटो बघायची. वाचत गेले तसं दिसलं की तळघर जळालं, पण मळवलेल्या वाघिणी जगभरच्या घरांत आहेत. लिन वेस्टकॉट हा मॉडेल रेलरोडरचा संपादक. त्याने ॲलनवर मोठं पुस्तक लिहिलं. ते १९८१ मध्ये आलं, तेव्हा वेस्टकॉटही हयात नव्हता. ज्यांनी ते तळघर कधी पाहिलं नाही त्यांनी त्या फोटोंवरून आपापले डोंगर बांधले. टाइमसेव्हर आजही लोक बांधतात आणि त्यावर भांडतात. माझ्या त्या सॉफ्टवेअरबद्दल असं काही म्हणता येणार नाही. पण तिथे शिकलेली तीन मुलं आज वेगवेगळ्या ठिकाणी चांगलं काम करताना दिसतात, आणि त्यातल्या एकीचा कोड वाचताना मला माझी नावं ठेवायची पद्धत ओळखू आली. मैत्रिणीला हे उत्तर मी अजून दिलेलं नाही. या पानावर ती वाचेल.

ज्यांना छोटी रेल्वे चालताना बघायची आहे त्यांनी अमेरिकेपर्यंत जायचं कारण नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांना घेऊन जा, मुलं नसली तरी जा.

माझी फळी सहा फूट लांब आणि एक फूट रुंद आहे. पाच सांधे, एक इंजिन, पाच वाघिणी. सगळ्या नीट मळवलेल्या. स्नेहसंमेलनाला ती मी गाडीच्या टपावर बांधून आणणार आहे आणि कार्यानुभवाच्या खोलीत मांडणार आहे. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसतील आणि वेळ लावतील. चौतीस वर्षं यार्डात काढलेला माणूस आहे, तेव्हा वाघीण हाताने उचलून ठेवायचा प्रयत्न कुणी करू नये.